गेम संपला, शर्यत सुरू!

दोस्तांनो, मागच्या रविवारी मी बदलापूरला ताईकडे गेलो होतो. अंबरनाथहून बदलापूर म्हणजे एकच स्टेशन, तेव्हा जाणंयेणं असतंच. दार उघडलं तर घरात महायुद्ध! एका बाजूला ताई, हातात लाटणं. दुसऱ्या बाजूला नववीतला भाचा, हातात गेमचा रिमोट. मधल्या टीव्हीवर एक लाल गाडी वळणावर उलटून पडलेली.

मला पाहताच भाचा ओरडला, "मामा, तूच सांग ना आईला! तो जान नुसता गेम खेळून खराखुरा रेसर झाला की नाही? सिनेमा आलाय त्याच्यावर!"

ताई म्हणाली, "सिनेमात माणसं उडतात पण! उद्या तूही गच्चीवरून उडशील. अरे, गेम खेळून कुणी ड्रायव्हर होतं का?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता खरं सांगायचं तर दोघंही थोडे बरोबर होते आणि दोघंही थोडे चुकत होते. चहा घेता घेता मी त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो. शेवटी निकाल तुम्हीच द्या.

एक रुपयाची गाडी

आधी एक कबुली देतो. शाळेत असताना मी उल्हासनगरला व्हिडिओ गेमच्या दुकानात जात असे. अंधारी खोली, ओळीने मांडलेली मशीनं आणि प्रत्येक मशीनपुढे पोरांचा घोळका. एक रुपया दिला की गाडी सुरू. समोरून ट्रक आला, धडकलो, की खेळ खलास! मग पुढचा रुपया. गाडी खरी नव्हती, रस्ता खरा नव्हता, पण तळहाताला सुटलेला घाम मात्र अगदी खरा होता. एकदा आईने तिथे येऊन कान धरला, आणि माझं 'करिअर' तिथेच संपलं!

त्या खेळांत गाडी म्हणजे नुसतं चित्र होतं. डावीकडे दाबलं की डावीकडे जायची, बस्स. पण १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनवर एक वेगळाच गेम आला. त्याचं नाव 'ग्रॅन टुरिस्मो'. तो तयार करणारे काझुनोरी यामाऊची हे स्वतः गाड्यांचे वेडे. त्यांचा हट्ट असा की, प्रत्येक गाडी खऱ्या गाडीसारखीच वागली पाहिजे. जड गाडी वळणावर बाहेर फेकली गेली पाहिजे. उशिरा ब्रेक लावला तर चाकं घसरली पाहिजेत. पुढचं चाक चालवणारी गाडी आणि मागचं चाक चालवणारी गाडी यांतला फरक बोटांना कळला पाहिजे.

म्हणजे हा नुसता खेळ राहिला नाही, तो हुबेहूब सराव झाला. अशा सरावाला इंग्रजी शब्द आहे 'सिम्युलेशन'. वैमानिक नाही का, विमानात बसण्याआधी जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये शिकत? तसंच.

कार्डिफचा पोरगा

आता गोष्टीचा नायक. त्याचं नाव जान मार्डनबरो. जन्म १९९१ चा, वाढला इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात. वडील स्टीव्ह मार्डनबरो हे व्यावसायिक फुटबॉलपटू होते, म्हणजे घरात खेळाचं वातावरण होतं. पण मोटार शर्यत हा फुटबॉलसारखा खेळ नाही. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, कबड्डीला तर तोही लागत नाही. शर्यतीला मात्र गाडी लागते, टायर लागतात, पेट्रोल, मेकॅनिक, ट्रॅकचं भाडं, आणि गाडी ठोकली तर नवी गाडी!

बहुतेक रेसर सात-आठ वर्षांचे असतानाच 'कार्ट' नावाच्या छोट्या, बुटक्या गाड्या चालवायला लागतात. जानलाही लहानपणी कार्टची गोडी लागली होती, पण तो खर्च झेपणारा नव्हता. मग उरलं काय? घरातला गेम! तो तासन्‌तास 'ग्रॅन टुरिस्मो' खेळत राही. तेच वळण शंभर वेळा. प्रत्येक वेळी सेकंदाचा एखादा तुकडा वाचवायचा.

इकडे निस्सान या जपानी मोटार कंपनीने आणि प्लेस्टेशनने मिळून २००८ साली एक अफलातून स्पर्धा सुरू केली होती, 'जीटी अकॅडमी'. कल्पना अशी की, गेममध्ये सगळ्यांत वेगवान असलेल्या खेळाडूंना बोलवायचं, खऱ्या गाडीत बसवायचं आणि जिंकणाऱ्याला खरा रेसर करायचं. लोक हसले. पण पहिलाच विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, पुढे नावाजलेला ड्रायव्हर झाला आणि हसणारे गप्प बसले.

२०११ साली जानने भाग घेतला. त्या वर्षी सुमारे ९०,००० खेळाडू होते. त्यांतले निवडक खऱ्या ट्रॅकवर, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला पोहोचले. तिथे गेमचा रिमोट कामाचा नव्हता. तिथे धावायला लावलं, व्यायाम करायला लावला, खऱ्या गाड्या चालवायला लावल्या, मनाची परीक्षा घेतली. या सगळ्यातून शेवटी एकच उरला, १९ वर्षांचा जान!

जिंकला, पण लगेच रेसर झाला नाही

दोस्तांनो, सिनेमात इथे जोरदार संगीत वाजतं. खऱ्या आयुष्यात मात्र इथून पुढे शाळा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय शर्यतीचा परवाना काही बक्षीस म्हणून मिळत नाही. विजेत्यांना छोट्या छोट्या शर्यती पूर्ण करून तो कमवावा लागे. जानने तो कमावला. २०१२ च्या जानेवारीत दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत तो आणि अकॅडमीचे इतर विजेते एकच गाडी आळीपाळीने चालवत आपल्या गटात तिसरे आले.

गेममध्ये नसलेल्या तीन गोष्टी आता त्याच्यासमोर होत्या.

पहिली गोष्ट, शरीर. आपली एस.टी. घाटात वळते तेव्हा आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो ना? तोच जोर शर्यतीच्या गाडीत कितीतरी पट असतो. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. वळणावर तिप्पट जोर आला की मानेला जवळजवळ २० किलोचा भार झेलावा लागतो, आणि तोही आडवा! एक वळण नव्हे, तासाला शेकडो वळणं. म्हणून रेसरची मान पैलवानासारखी जाड असते.

दुसरी गोष्ट, उकाडा. अंगात आग न धरणारा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट आणि बंद गाडी. एप्रिलच्या दुपारी स्वेटर घालून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहा, म्हणजे थोडी कल्पना येईल!

आणि तिसरी गोष्ट, भीती. गेममध्ये गाडी उलटली तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. खऱ्या ट्रॅकवर ते बटण नसतं.

२४ तास, १३ किलोमीटर

फ्रान्समध्ये ल मान्स नावाचं एक गाव आहे. लिहितात ल मान्स, पण म्हणतात 'ल माँ'. तिथे १९२३ पासून एक शर्यत होते. शनिवारी दुपारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपते, पूर्ण २४ तास! एक फेरी साडेतेरा किलोमीटरहून थोडी जास्त. गाडी एकच, ड्रायव्हर तीन. एक चालवतो तेव्हा बाकीचे दोघं जमेल तेवढी झोप काढतात. रात्री काळोखात, पहाटे धुक्यात, कधी पावसात गाडी पळतच राहते.

वेग किती? सरळ रस्त्यावर तासाला ३०० किलोमीटरच्या आसपास. हिशेब करा. सेकंदाला ८३ मीटर! क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत गाडीने चार खेळपट्ट्या मागे टाकलेल्या असतात.

२०१३ साली जान या शर्यतीत उतरला. सोबत लुकास ओर्दोन्येझ आणि जर्मनीचा अनुभवी ड्रायव्हर मिखाएल क्रुम. त्यांची गाडी आपल्या गटात तिसरी आली. दोन वर्षांपूर्वी जो मुलगा घरात बसून गेम खेळत होता, तो ल माँच्या पहिल्या तिघांत!

---

करून पाहा!

तुम्ही किती चपळ आहात? ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेजवळ, पट्टीला न टेकवता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची.

१० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला लागले साधारण ०.१४ सेकंद.
१५ सेंटिमीटरवर : साधारण ०.१७ सेकंद.
२० सेंटिमीटरवर : साधारण ०.२० सेकंद.
२५ सेंटिमीटरवर : साधारण ०.२३ सेकंद.

आता गंमत बघा. तुम्हाला ०.२० सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात ३०० च्या वेगातली गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असेल! म्हणूनच रेसर समोरच्या गाडीकडे बघून ब्रेक लावत नाही. तो फार आधीपासून, फार पुढे बघत असतो. गेमचा सराव इथेच उपयोगी पडतो. कुठलं वळण कधी येणार, हे डोक्यात आधीच पक्कं असतं.

---

सिनेमात काय, खऱ्यात काय

'ग्रॅन टुरिस्मो' हा सिनेमा २०२३ साली आला. दिग्दर्शक नील ब्लॉमकॅम्प. जानचं काम केलं आर्ची माडेक्वे या तरुण नटाने. वडिलांच्या भूमिकेत जायमन हाँसू आणि चिडक्या पण मायाळू प्रशिक्षकाच्या भूमिकेत डेव्हिड हार्बर. सिनेमातले वडील रेल्वेच्या यार्डात काम करतात आणि मुलाला तिथे नेऊन दाखवतात की बाबा रे, पोटापाण्याचं काम हे असं असतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला हा प्रसंग आहे, नाही का?

एक गंमत सांगू? पडद्यावर जान म्हणून जी गाडी पळते, ती कित्येकदा खुद्द जान मार्डनबरोच चालवत होता. म्हणजे नटाने जानचं काम केलं आणि जानने त्या नटाच्या बदली गाडी चालवली!

पण सिनेमा म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. तो प्रशिक्षक कल्पनेतला आहे. सिनेमात ल माँला जानच्या जोडीला दोन्ही गेमवाले मित्र आहेत, खऱ्या शर्यतीत क्रुमसारखा अनुभवी माणूस होता. हे बदल चालून जातात. एक बदल मात्र मला खटकला, आणि तो तुम्हाला सांगायलाच हवा.

जर्मनीत न्युर्बुर्गरिंग नावाचा जुना ट्रॅक आहे. जंगलातून, डोंगरातून जाणारी जवळजवळ २१ किलोमीटरची फेरी आणि सत्तरहून जास्त वळणं. २८ मार्च २०१५ रोजी तिथे शर्यत चालू होती. एका उंचवट्यावर जानच्या गाडीचं पुढचं टोक हवेत उचललं गेलं. गाडी मागच्या बाजूने उभी राहिली, उलटली आणि कुंपण ओलांडून प्रेक्षकांत गेली. एक प्रेक्षक मरण पावला. काही जखमी झाले. जान वाचला, पण त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. त्या वर्षी ट्रॅकच्या काही भागांत वेगाची मर्यादा घातली गेली. पुढे त्या उंचवट्याचा रस्ताही सपाट करण्यात आला.

सिनेमात हा अपघात येतो. यायलाच हवा, असं जानचंही म्हणणं होतं. तो त्याच्या आयुष्याचा भाग आहे, लपवायचा कशाला? पण सिनेमावाल्यांनी तो २०१३ च्या ल माँच्या आधी आणून ठेवला. म्हणजे काय झालं? नायक आधी कोसळतो, मग उभा राहतो आणि मग बक्षीस मिळवतो. गोष्ट छान जमते. पण खऱ्या आयुष्यात अपघात त्या यशानंतर दोन वर्षांनी झाला. त्यानंतर टाळ्यांचा कडकडाट झाला नाही. जान पुन्हा गाडीत बसला, पुढे जपानमध्ये अनेक वर्षं शर्यती खेळला, पण त्या दिवसाचं ओझं घेऊनच.

एका खऱ्या माणसाचा जीव गेला. त्याच्या घरच्यांसाठी तो सिनेमातला 'टर्निंग पॉइंट' नव्हता. हे सांगितल्यावर ताईकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. भाच्याने टीव्हीवरच्या उलट्या गाडीकडे पाहिलं आणि हळूच रिमोट खाली ठेवला.

आपल्याकडे काय?

"म्हणजे मामा, हे सगळं गोऱ्यांच्या देशात! आपल्याकडे कुणाला चान्स?" भाच्याने विचारलं.

चान्स मिळालेत, बरं का! जीटी अकॅडमीचे दरवाजे २०१४ साली भारतातल्या खेळाडूंसाठीही उघडले होते. आता ती स्पर्धा बंद झाली आहे. पण वाट बंद झालेली नाही. २०१८ ची ग्रॅन टुरिस्मोची जागतिक स्पर्धा जिंकणारा ब्राझीलचा इगोर फ्रागा २०२० साली खऱ्या फॉर्म्युला ३ मध्ये धावला.

आणि आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला? त्याचा जन्म १९९८ चा. २०११ साली फोर्स इंडिया या संघाने देशभरात शोध घेतला होता, अब्जावधींतला एक शोधायचा म्हणून. त्यात निवडल्या गेलेल्या तिघांत जेहान होता. वय अवघं १२-१३. मुंबईत रायोमंद बनाजी यांच्यासारख्या जुन्या चँपियनच्या हाताखाली तो घडला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये त्याने फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली. तिथे जिंकणारा तो पहिला भारतीय! जेहान गेमर नव्हे, कार्टमधून आलेला. पण त्याच्यासारख्यांनाही आता सिम्युलेटरवर सराव करावाच लागतो. खऱ्या गाडीने सराव करायला नियमांची बंधनं आहेत आणि खर्चही अफाट, म्हणून मोठमोठे संघ आधी खोट्या ट्रॅकवरच तयारी करतात.

आपल्या राज्यात कार्टिंगचं नाव निघालं की कोल्हापूर आठवतं. तिथल्या मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती झालेल्या आहेत. मोठ्या गाड्यांसाठी मात्र चेन्नई आणि कोइमतूर ही जुनी ठिकाणं.

पण खरं बोलू का? कार्टिंगचा एक हंगामही लाखांच्या घरात जातो, आणि वर चढत गेलं की कोटींच्या. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराच्या किंवा अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर जाणाऱ्या बापाच्या पोराने एवढे पैसे आणायचे कुठून? जानची गोष्ट म्हणूनच मोलाची. वेग पैशावर ठरत नाही, संधी मात्र पैशावर ठरते. त्या स्पर्धेने निदान पहिला दरवाजा पैसे न विचारता उघडला. आणि त्यातही ९०,००० तला एकच आत गेला, हे विसरायचं नाही.

आणखी एक. शर्यतीत नाव ड्रायव्हरचं होतं, पण गाडी पळवतात पन्नास हात. टायर बदलणारे, इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणारे, आकडे वाचणारे. मुंबई आय.आय.टी.चे विद्यार्थी स्वतः विजेवरची शर्यतीची गाडी बनवतात आणि ती घेऊन सिल्व्हरस्टोनला जातात. होय, जान निवडला गेला ते हेच सिल्व्हरस्टोन! आपल्या अंबरनाथच्या आय.टी.आय.मध्ये फिटर आणि टर्नरचं काम शिकणाऱ्या मुलामुलींचे हातही काही कमी नाहीत. तेव्हा या खेळात शिरायला स्टिअरिंग हा एकच दरवाजा आहे, असं समजू नका.

मग निकाल काय?

ताई म्हणाली, "म्हणजे याने दिवसभर गेम खेळायचा?"

मी म्हटलं, "मुळीच नाही. एक वळण शंभर वेळा घेताना दरवेळी काय चुकलं, हे जो वहीत लिहितो, तो सराव करतो. बाकीचे नुसता वेळ घालवतात. आणि हो, पैसे लावून खेळायचे ते गेम म्हणजे खेळच नव्हेत, तो सरळ जुगार. आपल्या देशात २०२५ साली त्यांच्यावर कायद्याने बंदी आणलीय. तिकडे फिरकायचंसुद्धा नाही."

भाचा म्हणाला, "आणि स्टिअरिंग व्हील? ते घेऊन दे ना!"

"आधी ती पट्टी आण," मी म्हटलं. त्याने २२ सेंटिमीटरवर पकडली. ताईने १४ वर! लाटणं फिरवून फिरवून हात तयार झालेत म्हणाली. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेवटी तह झाला. गेम रोज एक तास, आणि तोही अभ्यासानंतर. पहाटे उठून धावायला जायचं, कारण दमलेला माणूस गाडी काय, सायकलही नीट चालवू शकत नाही. सहामाहीत गणित आणि विज्ञान सुधारलं तर सुट्टीत एकदा कार्टिंगला नेण्याची जबाबदारी मामाची. आणि अठरा वर्षं पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत रस्त्यावर मोटारसायकलला हात लावायचा नाही, ही ताईची अट. वेगाची हौस ट्रॅकवर भागवायची. बदलापूर-कर्जत रस्त्यावर नाही!

निघताना भाचा स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी लागत होती. म्हणाला, "मामा, त्या अपघातानंतर पुन्हा गाडीत बसताना जानला काय वाटलं असेल रे?"

मला उत्तर देता आलं नाही. लोकल सुटली. तो फलाटावर उभा राहून हात हलवत होता आणि मी विचार करत होतो. हा प्रश्न ज्याला पडला, तो पोरगा रेसर होईल की नाही ठाऊक नाही, पण गाडी मात्र जपून चालवील.

काय दोस्तांनो, तुमचा निकाल काय?